नोकरी कधी सोडायची: पुढच्या एका वर्षाची किंमत काढून पाहा

पन्नाशी उलटली की नोकरी सोडण्याचा विचार अधूनमधून डोकावतोच. बहुधा अप्रेझलच्या संध्याकाळी, नाहीतर सकाळी ठाण्याहून गाडीच्या दारात एका पायावर उभं असताना. मग हिशेब सुरू होतो आणि ‘किती कोटी पुरतील’ इथे येऊन अडतो. या प्रश्नाला तळ नाही, कारण दोन कोटी जमले की अडीच हवेसे वाटतात. त्यापेक्षा असं विचारा: अजून एक वर्ष नोकरी केली तर गाठीशी नेमकं किती वाढेल आणि त्या बदल्यात माझे किती तास जातील? हे दोन्ही आकडे कागदावर काढता येतात. काही वर्षं पैशाच्या दृष्टीने फार मोलाची असतात. पुढे एक वर्ष असं येतं की त्याने गरज भागत नाही, फक्त शिल्लक फुगते. ते वर्ष आधीच ओळखता यावं म्हणून ही रीत.

उदाहरणासाठी घोडबंदर रोडवरचं एक जोडपं धरू. तो ५४ वर्षांचा, खासगी कंपनीत, २८ वर्षं नोकरी झालेली. ती ५१ वर्षांची, घर सांभाळणारी. टू बीएचके स्वतःचा, कर्ज फिटलेलं, मुलीचं शिक्षण संपत आलेलं. आकडे मानीव आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. गृहकर्ज अजून चालू असेल तर पुढचं सगळं वाचाच, पण बहुतेक वेळा कर्ज फिटेपर्यंत नोकरी हेच उत्तर निघतं.

पायरी १: खर्च बारा महिन्यांचा काढा

एका महिन्याचा खर्च बाराने गुणला की हिशेब हमखास चुकतो. बँकेचं आणि यूपीआयचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा आणि दोन याद्या करा.

पहिली यादी दरमहाच्या खर्चाची: किराणा, दूध, भाजी, फळं १६,०००, सोसायटी मेंटेनन्स ५,५००, वीज, गॅस, इंटरनेट, मोबाईल ४,५००, घरकामाच्या ताई ४,०००, औषधं आणि तपासण्या ४,०००, रिक्षा, पेट्रोल ४,५००, बाहेर खाणं, नाटक, वर्गणी, देणंघेणं ६,५००. बेरीज ४५,०००. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो.

दुसरी यादी वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चाची: आरोग्य विमा ५५,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग २५,०००, मालमत्ता कर १०,०००, गावी जाणं आणि एक सहल ६०,०००, सणवार, लग्नकार्यं, आहेर ४०,०००, फ्रिज, गळती, रंगरंगोटी असल्या गोष्टींसाठी ५०,०००. हे २,४०,००० झाले, म्हणजे महिन्याला आणखी २०,०००.

खरा खर्च महिन्याला ६५,०००, वर्षाला ७.८ लाख.

नोकरी सुटली की पास, डबा, कपडे यांचा खर्च वाचेल असं धरून हा आकडा कमी करू नका. तो वाचतो खरा, पण दुपारचा एसी, वाढलेला गॅस आणि ‘आता वेळ आहे तर जाऊन येऊ’ यांत तो पुरता जिरतो.

पायरी २: गाठीशी काय आहे ते निष्ठुरपणे मोजा

आपल्या जोडप्याचा हिशेब असा: पीएफ ७८ लाख, पीपीएफ ३२ लाख, म्युच्युअल फंड ५५ लाख, एफडी २० लाख. ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे. शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. बेसिक ६५,००० असेल तर एका वर्षाचे ३७,५००, आणि २८ वर्षांचे साडेदहा लाख. खासगी नोकरीत २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त असते. शिल्लक रजेचे साडेतीन लाख धरू. त्यांची करमुक्त मर्यादा २५ लाख आहे. एकूण १९९ लाख.

यातून मुलीच्या लग्नासाठी १५ लाख आणि आजारपणासाठी १० लाख बाजूला काढा. उरले १७४ लाख. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर करायचा.

राहतं घर यात धरायचं नाही, त्याला रोज खाता येत नाही. बायकोचे दागिनेही नाहीत. विमा पॉलिसी आज सरेंडर केली तर जे मिळेल तेवढ्याच धरा. आणि गावच्या ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सहा चुलत भावांची नावं आहेत ती शून्य धरा. विकली गेली तर पेढे वाटा.

पीएफच्या पेन्शनबद्दल, म्हणजे ईपीएसबद्दल, फार गैरसमज आहेत. ती ५८ व्या वर्षी सुरू होते आणि किमान १० वर्षं सेवा लागते. सूत्र: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची कमाल मर्यादा १५,००० आहे, पण १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी ती ६,५०० च धरतात. त्यामुळे जास्त पगारावरच्या पेन्शनचा पर्याय घेतलेला नसेल, तर तीसेक वर्षं नोकरी करूनही हातात पाच हजारांच्या आतबाहेर येतात, आणि तो आकडा महागाईबरोबर वाढत नाही. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कायमचे कापले जातात. उलट ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढतात. या पेन्शनमधून मेंटेनन्स भरला जाईल एवढंच समजा.

पायरी ३: खर्चाच्या किती पट हवं

आता वर्षाच्या खर्चाने पुंजीला भागा. १७४ भागिले ७.८ म्हणजे २२.३ पट. हे पुरेल का?

दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, पैसे किती वर्षं पुरवायचे. इथे वय नवऱ्याचं नाही, दोघांत जो लहान त्याचं धरायचं. बायको ५१ ची, ती ९० पर्यंत जगेल असं धरलं तर ३९ वर्षं. दुसरी, गुंतवणुकीचा परतावा महागाईपेक्षा किती वर राहील. महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. आजचे ६५,००० तो ६६ चा होईल तेव्हा १,३०,००० झालेले असतील. पैसे मुख्यतः एफडी आणि पोस्टात असतील तर कर जाऊन महागाईपेक्षा एक टक्का वर राहिलात तरी नशीब समजा. तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त इक्विटी फंडात, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडात, असेल तर दोन टक्के धरायला हरकत नाही. त्यापुढचे आकडे दाखवणारा काहीतरी विकायला आलेला असतो.

दोन टक्के वर धरले तर ३९ वर्षांसाठी २६.९ पट लागतात. एक टक्का धरला तर ३२.२ पट.

म्हणजे ५४ व्या वर्षी २२.३ पट पुरत नाहीत. आता एकेक वर्ष पुढे सरकू. परतावा ८ टक्के, महागाई ६ टक्के, आणि पगारातून दरवर्षी साडेसहा लाखांपासून पुढे थोडी थोडी वाढत जाणारी शिल्लक धरली आहे:

५४ व्या वर्षी: पुंजी १७४ लाख, खर्च ७.८ लाख, आहेत २२.३ पट, हव्यात २६.९
५५ व्या वर्षी: पुंजी १९४, खर्च ८.३, आहेत २३.५, हव्यात २६.४
५६ व्या वर्षी: पुंजी २१७, खर्च ८.८, आहेत २४.८, हव्यात २६.०
५७ व्या वर्षी: पुंजी २४२, खर्च ९.३, आहेत २६.०, हव्यात २५.५

सत्तावन्नाव्या वर्षी दोन रेषा एकमेकींना ओलांडतात. हाच हिशेब सगळे पैसे एफडीत ठेवून, महागाईच्या एकच टक्का वर केला तर त्या ६० व्या वर्षी ओलांडतात. ‘शेअर बाजार म्हणजे जुगार’ म्हणणाऱ्याने ही तीन वर्षं लक्षात ठेवावीत. त्या मताची ती किंमत आहे. मत चुकीचं असेल असं नाही, पण फुकट नाही.

पायरी ४: एका वर्षाची किंमत

१७४ चे १९४ झाले, त्यातले पगारातून साठवलेले फक्त साडेसहा लाख. बाकी १४ लाख आधीच्या पैशाने कमावले. म्हणून काही जण म्हणतात, मग साडेसहा लाखांसाठी कशाला राबायचं? इथे चूक होते. नोकरी सोडली असती तर घरखर्चाचे ७.८ लाख पुंजीतून गेले असते. म्हणजे त्या वर्षाची खरी किंमत साडेसहा अधिक ७.८, एकूण १४.३ लाख.

आता याला तासांनी भागा. सकाळी पावणेआठला घर सोडून रात्री सव्वाआठला परत, म्हणजे साडेबारा तास, महिन्याला २२ दिवस: २७५ तास. १४.३ लाखांचे महिन्याला १,१९,००० होतात, तेव्हा तासाला सुमारे ४३३ रुपये पडले. कंपनीच्या हिशेबात दिवस नऊ तासांचा असतो. उरलेले साडेतीन तास लोकल, रिक्षा आणि माजिवड्याच्या सिग्नलला जातात. ते तुमच्याच आयुष्यातले असल्यामुळे मोजायचे.

या आकड्याचा उपयोग तुलनेसाठी. घराजवळ, ठाण्यातच कुणी रोज तीन तासांच्या हिशेबाच्या, शिकवण्याच्या किंवा सल्ल्याच्या कामाचे महिन्याला २५,००० देत असेल, तर ६६ तासांचे २५,००० म्हणजे तासाला ३७९. भाव जवळपास सारखाच, आणि दिवसाचे साडेनऊ तास मोकळे. ५६ व्या वर्षी नोकरी सोडली तर आपल्या जोडप्याला सुमारे ११ लाखांची तूट येते. असं अर्धवेळ काम चार वर्षांच्या आत ती भरून काढतं. पूर्ण नोकरी आणि पूर्ण निवृत्ती यांच्यामधला हा टप्पा आपल्याकडे लोक विचारातच घेत नाहीत, कारण व्हिजिटिंग कार्डावर काय छापायचं हा प्रश्न पडतो.

दुसरा उपाय खर्चाकडून. महिन्याला १०,००० कमी केले, म्हणजे वर्षाला ६.६ लाखांत भागवलं, तर आजच्या १७४ लाखांत २६.४ पट बसतात आणि तूट जेमतेम तीन-साडेतीन लाखांची उरते. म्हणजे महिन्याचे दहा हजार आणि नोकरीची तीन वर्षं यांचा भाव सारखा निघाला. कुणाला गाडी काढून टाकून तीन वर्षं मिळवणं परवडेल, कुणाला गाडी ठेवून तीन वर्षं काम करणं. दोन्ही ठीक आहे. मात्र दहा हजार कमी करता येतात असं नुसतं म्हणू नका. सहा महिने तो खर्च खरोखर करून दाखवा: पगार वेगळ्या खात्यात जाऊ द्या आणि घरखर्चाच्या खात्यात १ तारखेला ५५,००० वळते करा. ज्या महिन्यात दुसऱ्या खात्याला हात लागेल त्या महिन्याचं कारण लिहून ठेवा. ती यादीच तुमचा खरा खर्च सांगते.

पायरी ५: मोकळा वेळही आधी वापरून पाहा

रजा घ्या, सलग पंधरा-वीस दिवस, आणि कुठेही जाऊ नका. सहलीत सगळ्यांनाच निवृत्ती आवडते. परीक्षा घरी, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात होते. सकाळी उपवनला नाहीतर पामबीच रोडला फेरी, पेपर, आंघोळ, इथपर्यंत सगळ्यांचंच छान चालतं. अकरानंतर काय, याचं उत्तर चौथ्या दिवशीही ‘मोबाईल’ असेल तर पैशाचा हिशेब बरोबर असूनही निवृत्तीची तयारी झालेली नाही.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट कळते, जी पुरुषांनी लिहिलेल्या निवृत्तीच्या सल्ल्यात सहसा नसते. नवरा निवृत्त होतो तेव्हा घर सांभाळणारी बायको निवृत्त होत नाही. उलट तिचं काम वाढतं. इतकी वर्षं साडेनऊ ते सात घर तिचं होतं. दुपारचं जेवण सकाळच्याच पोळीभाजीवर व्हायचं, नंतर तासभर पडणं, भिशी, भजनी मंडळ. आता दीड वाजता गरम जेवण, चारला चहा, आणि मधे ‘हे इथे का ठेवलंय?’. म्हणून तारीख ठरवण्याआधी दोघांनी बसून तीन गोष्टी नक्की कराव्यात: दुपारचं जेवण कोण करणार आणि आठवड्यातून किती दिवस, बाजार, बँक, सोसायटीची कामं यांतलं कुणाकडे काय, आणि तिच्या दुपारचे कोणते तास तिचेच राहणार. ती नोकरी करत असेल तर प्रश्न उलटा: दोघांत आधी कोण थांबणार? ज्याच्या कंपनीचा ग्रुप आरोग्य विमा चांगला त्याने मागून थांबावं, हा व्यवहार.

आणि नातवंडं. मुलगा-सून दोघंही ऐरोली किंवा महापेच्या ऑफिसात जात असतील तर ‘बाबा आता घरीच आहेत’ हे वाक्य निवृत्तीआधीच घरात फिरू लागलेलं असतं. सांभाळायला आवडत असेल तर उत्तमच. पण किती दिवस, किती वाजेपर्यंत, हे पहिल्या महिन्यात बोलून ठेवा. सहाव्या महिन्यात ते भांडण वाटतं.

पायरी ६: आरोग्य विमा, आणि तो तीन वर्षं आधी

सगळ्या हिशेबात सर्वांत जास्त लोक इथे फसतात. कंपनीचा ग्रुप विमा बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबरच संपतो. स्वतःची पॉलिसी त्यानंतर काढायला गेलात आणि बीपी किंवा शुगर असेल, तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरी असतानाच, सोडायच्या निदान तीन वर्षं आधी, दोघांसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्या. कंपनीचा विमा असताना दुसरा हप्ता भरणं जिवावर येतं, पण त्या हप्त्यात तुम्ही प्रतीक्षाकाळ विकत घेत असता. हप्ता जास्त वाटत असेल तर मूळ पॉलिसी लहान आणि त्यावर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेपुढचा खर्च उचलणारी जोड पॉलिसी) असा मेळ घाला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे.

प्रस्ताव भरताना आजार लपवू नका. ‘अहो, शुगर लिहायची गरज नाही’ म्हणणारा एजंट क्लेमच्या वेळी शेजारी नसतो.

उशीर झालाच असेल तर कंपनी सोडण्याआधी एचआरला विचारा की ग्रुप विमा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का. जुना काळ मोजला जाण्याचा तो मार्ग आहे. आणि मोतीबिंदू, हर्निया, गुडघा असं काही लांबणीवर टाकलं असेल तर ते शेवटच्या वर्षात ग्रुप विम्यावर उरकून घ्या. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कवच उत्पन्न न पाहता मिळतं, पण ते कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून असतं.

पायरी ७: घराचा स्वतंत्र विचार

ठाण्या-नवी मुंबईत घर हीच सर्वांत मोठी मालमत्ता आणि सर्वांत मोठा अनपेक्षित खर्चही. नौपाडा-पाचपाखाडीची जुनी इमारत असो की वाशी-नेरूळची सिडकोची, सोसायटीचे शेवटचे दोन स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) अहवाल मागून वाचा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या पुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. सिंकिंग फंडात, म्हणजे सोसायटीच्या मोठ्या कामांसाठीच्या निधीत, किती जमा आहे तेही विचारा. तिथे खडखडाट असेल तर प्लास्टर, गच्ची, लिफ्ट यांची लाखाच्या घरातली वर्गणी निवृत्तीच्या पहिल्याच पाच वर्षांत तुमच्या दारात येईल.

पुनर्विकास होणार असेल तर निवृत्तीची तारीख त्याच्याशी जुळवून पाहा. बिल्डर भाडं देतो, पण काम रखडलं की आधी भाडंच थांबतं. दोन वर्षांचं भाडं, महिन्याला ३०,००० धरलं तर ७.२ लाख, वेगळं राखा. नव्या टॉवरचा मेंटेनन्स जुन्या चार मजली इमारतीच्या काही पट असतो, तो पहिल्या पायरीच्या यादीत बदलून घ्या.

घर विकून कोकणात किंवा बदलापूर-कर्जतकडे जायचा बेत असेल तर आधी वर्षभर इथलं घर रीतसर नोंदवलेल्या लीव्ह-अँड-लायसन्सवर द्या आणि तिकडे भाड्याने राहा. त्या वर्षात एक पूर्ण पावसाळा आलाच पाहिजे. ठाण्याचं घर एकदा विकलं की त्या भावात परत घेता येत नाही. भाड्याच्या भरवशावर मात्र राहू नका; इथे वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या साधारण दोन-तीन टक्केच निघतं. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवरचं घर विकताना ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्काची चौकशी आधीच करा.

पायरी ८: तारीख

वर्ष ठरलं की महिनाही ठरवा, कारण त्यात पैसे असतात. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. ३० वर्षं ५ महिन्यांऐवजी ३० वर्षं ७ महिन्यांनी सोडलंत तर ३७,५०० जास्त. वार्षिक बोनस पगारपत्रकावर असणाऱ्यांनाच मिळतो का, ते पाहा. तसं असेल तर बोनस खात्यात पडल्यावर राजीनामा.

करासाठी एप्रिल-मे बरा. जानेवारी-फेब्रुवारीत सोडलं तर जवळपास पूर्ण वर्षाच्या पगारावर कर बसलेलाच असतो. वर्षाच्या सुरुवातीला सोडलं तर बाकीच्या वर्षात मुख्यतः व्याज. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. शेअर आणि इक्विटी फंडांच्या नफ्याला मात्र ही सवलत लागू नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १.२५ लाखांच्या पुढे १२.५ टक्के भरावेच लागतात.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा हिशेब वेगळा. २० वर्षांच्या अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन असल्यामुळे वरचा ‘पट’ त्यांनी पेन्शन वजा करून उरलेल्या खर्चावरच काढावा. बऱ्याचदा तो खर्च शून्याच्या आसपास येतो, आणि मग प्रश्न पाचव्या पायरीचाच उरतो.

पायरी ९: पैसे खात्यात आल्यावर

पीएफ जमा झाला की त्याच आठवड्यात बँकेतून गोड आवाजात फोन येतो. तीन महिने कुणालाही हो म्हणू नका. मुलाच्या फ्लॅट बुकिंगलाही नाही. रक्कम साध्या एफडीत दोन-तीन बँकांत ठेवा. ठेव विमा एका बँकेत एका व्यक्तीला ५ लाखांपर्यंतच आहे, आणि पतपेढीला तो लागूच नाही, व्याज कितीही दिलं तरी.

याला एक अपवाद. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० वर्षांनंतर सगळ्यांना खुली आहे, पण ५५ ते ६० मधल्या निवृत्तांनी निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं, आणि निवृत्तीची रक्कम नमूद केलेलं कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. मर्यादा ३० लाख. व्याज तिमाहीला मिळतं, ८.२ टक्के दराने पूर्ण ३० लाखांचे ६१,५००. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण तुम्ही खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं टिकतो.

बाकीची मांडणी अशी: तीन वर्षांचा खर्च एफडीत आणि बचत खात्यात, मधला हिस्सा पोस्ट, पीपीएफ आणि डेट फंडात (रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडात), उरलेला इक्विटीत. पहिल्या तीन वर्षांचा खर्च बाजूला ठेवायचा कारण निवृत्तीनंतर लगेच बाजार पडला आणि त्याच वेळी फंड विकून खर्च भागवावा लागला, तर पुढे बाजार सावरला तरी विकलेली युनिट्स परत येत नाहीत. हाच फटका दहाव्या वर्षी बसला तर सोसतो. पीपीएफ मुदतीनंतर पैसे न भरता तसाच चालू ठेवता येतो आणि वर्षातून एकदा हवी ती रक्कम काढता येते, तेव्हा घाईने बंद करू नका. पीएफ मात्र खात्यात कायम ठेवू नका. ५५ नंतर निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी व्याज थांबतं, आणि नोकरी सुटल्यापासूनचं व्याज करपात्र असतं.

शेवटचे सहा महिने

पीएफच्या पोर्टलवर आधार, पॅन आणि बँक खात्यावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का पाहा. जुन्या कंपन्यांची सोडल्याची तारीख भरलेली आहे का, सगळी खाती एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायमच्या क्रमांकाखाली) आली आहेत का, ई-नामांकन झालं आहे का. दुरुस्तीच्या अर्जाला कंपनीची मंजुरी लागत असेल तर नोकरीत असताना ते एका मेलचं काम असतं. सोडल्यावर तेच काम वागळे इस्टेटमधल्या पीएफ कार्यालयाच्या खेपांचं होतं. कंपनी बदलली असेल तर जुन्या कंपनीच्या पीएफचा ट्रान्सफर आला का, तेही पासबुकात तपासा.

आणि मोबाईल नंबर. कंपनीचं सिम आधारला, बँकेला किंवा यूएएनला जोडलेलं असेल तर शेवटच्या दिवशी ते जमा करताच सगळे ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. फंडांच्या फोलिओंवर ऑफिसचा ईमेल असेल तर तोही त्याच संध्याकाळी बंद होतो. हे बदल नोटीस देण्याच्या आधी करा, कारण काही कंपन्या नोटीस दिल्या दिवशीच लॅपटॉप काढून घेतात.